सहकारी बँक की मोठी बँक? विमा सारखाच, मग फरक कुठे?

सहकारी बँकेत एफडीवर अनेकदा थोडे जास्त व्याज मिळते, कर्मचारी ओळखीचे असतात, छोट्या व्यावसायिकाला कर्जासाठी फार खेटे घालावे लागत नाहीत. तरी 'पैसे अडकले तर?' ही धास्ती असतेच. ती कितपत खरी आहे?

विमा किती?

दोन्हीकडे सारखाच. रिझर्व्ह बँकेची उपकंपनी असलेल्या 'डीआयसीजीसी'कडून एका बँकेतील एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांमधील ठेवी एकत्र धरल्या जातात.

मग फरक कुठे?

बँक अडचणीत आल्यावर. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि ५ लाखांवरील ठेवी टप्प्याटप्प्याने, १० वर्षांपर्यंत परत करायचे ठरले.

येस बँकेवर ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले. मर्यादा ५० हजारांची होती. स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल घातले आणि १८ मार्चला निर्बंध उठले.

असे का?

सहकारी बँकेत शेअर कितीही असोत, सभासदाला एकच मत. शेअर बाजारातून पैसा उभारता येत नाही. त्यामुळे मोठा गुंतवणूकदार घाईने पुढे येत नाही. बहुतेक वेळा वाट उरते ती विलीनीकरणाची, आणि त्याला वेळ लागतो.

म्हणजे सगळ्याच सहकारी बँका कच्च्या?

नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिला सामावून घेणारी सारस्वत बँकही सहकारीच होती. हे विलीनीकरण ऑगस्टमध्ये झाले.

तुम्ही काय करावे?

सहकारी बँकेतील ठेव व्याजासह ५ लाखांच्या आत ठेवा. सगळी बचत एकाच बँकेत नको. विम्याचे पैसे निर्बंधांनंतर साधारण ९० दिवसांत मिळतात. तेवढ्या काळाचा घरखर्च दुसऱ्या बँकेत असू द्या. आणि एक लक्षात ठेवा : पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवींना हा विमा लागू नाही.