उतारवयातील तोल आणि आपले कर्तव्य

आपल्या व्यापारी समाजात प्रकृतीची चर्चा निघाली, की ती साखर, रक्तदाब आणि हृदय या तीन विषयांपलीकडे सहसा जात नाही. या तिन्ही विकारांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु घरातील कर्त्या वडीलधाऱ्या माणसास एका क्षणात परावलंबी करून टाकणारे चौथे एक संकट आहे व त्याची चर्चा मात्र होत नाही. ते संकट म्हणजे पडणे. न्हाणीघरात पाय निसटतो, उंबऱ्याची ठेच लागते, रात्री लघुशंकेस उठताना भोवळ येते, आणि खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया, अंथरूण, दुसऱ्याच्या आधाराची सवय आणि पुन्हा पडण्याची भीती हा क्रम सुरू होतो. समाचारास येणारे आप्तेष्ट ‘वय झाले, चालायचेच’ एवढे बोलून उठतात. माझा आक्षेप आहे तो या ‘चालायचेच’ला.

मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले आणि उभे आयुष्य बेळगावच्या बाजारात ज्वारी, गहू व डाळींच्या घाऊक व्यापारात गेले. तथापि तोल हा शब्द आम्हा धान्य व्यापाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारातला आहे. काटा कितीही उत्तम असला तरी वापराने त्यात फरक पडतो, म्हणून ठराविक मुदतीने तो तपासून घेऊन त्यावर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. फरक पडलेला काटा कोणी लगेच मोडीत काढीत नाही, दुरुस्त करून घेतो. शरीराच्या तोलाच्या बाबतीत आपण इतकाही विचार करू नये, हे नवल होय.

हा तोल राहतो कसा, ते प्रथम पाहू. माणूस उभा असताना त्याच्या मेंदूकडे तीन ठिकाणांहून सतत खबर येत असते. पहिले ठिकाण डोळे. दुसरे ठिकाण कानाचा आतील भाग. तेथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि अतिसूक्ष्म खडे असून डोके कोणत्या बाजूस वळले, कलले, हे त्यांच्यामुळे कळते. तिसरे ठिकाण म्हणजे तळपाय, घोटे, गुडघे व स्नायू यांतील संवेदना. मेंदू हा मुनीम होय. तो या तिन्ही वह्या क्षणोक्षणी ताडून पाहतो आणि पायांच्या स्नायूंस हुकूम सोडतो. आपण स्तब्ध उभे आहोत असे वाटते, तेव्हाही शरीर किंचित पुढेमागे डुलत असते व स्नायू ते सावरीत असतात. श्रवणबेळगोळच्या ५७ फुटी बाहुबलींच्या कायोत्सर्ग मुद्रेकडे पाहून स्थैर्य म्हणजे निश्चलता असे कोणास वाटेल. पाषाणाच्या बाबतीत ते खरे, पण जिवंत देहाचे स्थैर्य हा अखंड चाललेला उद्योग आहे.

वय वाढते तशा या तिन्ही वह्यांत चुका शिरू लागतात. मोतीबिंदूने दृष्टी मंदावते, आतील कानातील पेशी कमी होतात, मधुमेहाने तळपायांची जाणीव बोथट होते. त्याच सुमारास मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू झिजू लागतात. म्हणजे हुकूम आला तरी तो बजावणारा माणूस अशक्त झालेला असतो. गादीवर तक्क्याला टेकून दिवसाचे दहा तास काढणाऱ्या व्यापाऱ्याचे हे स्नायू लवकर झिजले तर त्यात आश्चर्य नाही. आमच्या बाजारात साठी ओलांडलेला हमाल पाठीवर पोते घेऊन अरुंद फळीवरून मालमोटारीत चढतो आणि त्याच वयाच्या शेटजींना दुकानाची तीन पायऱ्या उतरताना नोकराचा खांदा लागतो, हे आपण सर्वजण पाहतो. हमालाचे कष्ट हेवा करण्याजोगे नाहीत. त्याची कंबर व गुडघे त्या कष्टांची किंमत मोजतात. पण ज्या अवयवास रोज काम मिळते तो आपले काम विसरत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

आपल्या समाजास लागू पडणारे आणखी एक कारण येथे स्पष्ट नमूद करतो. आपला आहार शाकाहारी. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. आपणांस ते मुख्यतः दूधदुभत्यातून मिळते आणि पुष्कळांस ते पुरत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध अनेक वर्षे घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. त्याची उणीव दीर्घकाळ राहिली तर पायांची स्थिती मेंदूस कळविणाऱ्या मज्जारज्जूतील वाहिन्या बिघडतात आणि माणूस अंधारात किंवा डोळे मिटताच डगमगू लागतो. रक्ताच्या साध्या तपासणीने ही उणीव समजते आणि वैद्यांच्या सल्ल्याने गोळ्या वा सुया घेतल्यास भरून निघते. यासाठी आहारधर्म सोडण्याचे कारण नाही, तपासणीचा आळस मात्र सोडला पाहिजे.

आता या प्रश्नाचा आकार पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात आणि त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. दुसऱ्या बाजूस उपायाचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेने २५ देशांतील १०८ प्रयोगांचा ताळा घेतला. त्यात २३ हजारांहून अधिक वृद्ध होते. निष्कर्ष असा निघाला की व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, आणि तोलाच्या व्यायामास स्नायूंच्या बळकटीची जोड दिली तर ही घट सुमारे ३४ टक्के दिसते. शंभर रुपयांच्या बुडीत रकमेपैकी चौतीस रुपये वाचविणारा मार्ग कोणी दाखविला, तर तो ऐकून न घेणारा व्यापारी मला भेटावयाचा आहे!

यावर ‘आम्ही रोज सकाळी फिरावयास जातो, तेवढे पुरे’ असे उत्तर हमखास मिळते. फिरणे हृदयास व रक्तशर्करेस हितकर आहे, ते सोडू नये. परंतु नुसत्या चालण्याने पडणे कमी होते असा भरवशाचा पुरावा हाती आलेला नाही. सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाची परीक्षाच होत नाही. परीक्षा होते ती वळताना, मागे सरताना, एका पायावर उभे राहून धोतर वा पायजमा चढविताना, पायरी उतरताना. ज्याची परीक्षा होणार त्याचाच सराव हवा. मांडी घालून केलेल्या प्राणायामासही हाच न्याय लागू होतो; त्याचे लाभ निराळे, उभ्याचा तोल त्याने सुधारत नाही.

हा सराव कसा करावा, याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने १९९० च्या दशकात घालून दिले. भौतिकोपचार-तज्ज्ञ वृद्धाच्या घरी जाऊन त्याच्या कुवतीप्रमाणे पायांच्या बळकटीचे व तोलाचे व्यायाम शिकवितो. ते आठवड्यातून तीन वेळा सुमारे अर्धा तास करावयाचे आणि शिवाय चालावयाचे. ऐंशी वर्षांवरील स्त्रियांनाही याचा लाभ झाला, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या वयात सुधारणा होते, तर साठीत आपण हात टेकावेत हे शोभत नाही.

व्यायामही अवघड नाहीत. जड खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे व बसणे; ओट्यास धरून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे; एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यास लावून उभे राहणे आणि पुढे तसेच चालणे; बाजूस व मागे चालणे; एका पायावर उभे राहणे. प्रथम दोन्ही हातांचा आधार, मग एका हाताचा, मग बोटांच्या टोकांचा आणि शेवटी आधार जवळ ठेवून हात मोकळे, असा क्रम ठेवावा. थोडे डगमगल्याखेरीज तोल शिकला जात नाही. म्हणून भिंतीच्या कोपऱ्याशी, पुढे खुर्ची ठेवून व घरातील कोणी जवळ असताना सराव करावा. एकदा पडलेल्यांनी, भोवळ येणाऱ्यांनी आणि सांधे वा हृदयाचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांस दाखवून भौतिकोपचार-तज्ज्ञाकडूनच आरंभ करावा. भोवळीचा एक सामान्य प्रकार आतील कानातील खडे जागचे सरकल्याने होतो आणि जाणत्या हातांनी डोके ठराविक क्रमाने वळविल्यास तो बहुधा थोड्याच बैठकींत बरा होतो. त्यासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेत बसण्याचे कारण नाही. झोपेच्या व रक्तदाबाच्या औषधांनीही उठताना तोल जाऊ शकतो, तेव्हा त्यांची यादी डॉक्टरांस वर्षातून एकदा तरी दाखवावी.

आपला तोल कितपत शाबूत आहे, हे पाहण्याची सोपी कसोटीही आहे. खुर्चीवरून उठून दहा फूट चालावे, वळावे, परत येऊन बसावे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून सल्ला घ्यावा. टाचेस अंगठा लावून १० सेकंद उभे राहता न येणे, ही दुसरी सूचना.

येथवर व्यक्तीचे कर्तव्य झाले. आता संघाचे. आपल्यासारख्या संघांचा वैद्यकीय मदत निधी खुब्याच्या शस्त्रक्रियेस साहाय्य देतो, हे भूषणावह आहे. परंतु हाड मोडण्यापूर्वी एक रुपयाही खर्च होत नाही. आग लागल्यावर पाण्याचे पैसे देणारे आपण, गोदामात वाळूची बादली ठेवावयास का विसरतो? माझ्या सूचना चार आहेत. संघाच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस, बाजार उघडण्यापूर्वी, प्रशिक्षित भौतिकोपचार-तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तोलाचा वर्ग चालवावा. बेळगावात के. एल. ई. संस्थेचे या विषयाचे महाविद्यालयच आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील बांधवांसही असे तज्ज्ञ दुर्मीळ नाहीत. दुसरे, सभासदांची व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांची तोलाची तपासणी वर्षातून एकदा, काट्याच्या तपासणीइतक्याच नियमाने व्हावी. तिसरे, संघाची इमारत, धर्मशाळा व मंदिरे यांच्या पायऱ्यांस दोन्ही बाजूंनी कठडे आणि स्नानगृहांत भिंतीस दांडे बसवावेत. आपल्या दुकानांकडेही पाहावे. गुळगुळीत फरशीवर सांडलेली हरभऱ्याची डाळ आणि पायात अडकणारी सुतळी यांनी गिऱ्हाइकासही आडवे करावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. या वर्गात स्त्रियांना आग्रहाने आणावे. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, त्यामुळे खुबा मोडण्याचा धोका त्यांना पुरुषांहून अधिक असतो. तरीही आपल्या घरांतील आई, काकू, आत्या ओल्या न्हाणीघरात आणि मिणमिणत्या दिव्याच्या जिन्यावर दिवस काढतात, व संघाचे सर्व कार्यक्रम मात्र सभासद पुरुषांपुरतेच आखले जातात. ज्या घरात आजीबाई अंथरुणास खिळल्या, त्या घरातील सून आणि नातवंडे यांचे वेळापत्रक कसे कोलमडते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

काठी घेण्यात कमीपणा नाही आणि व्यायाम करण्यात पोरकटपणा नाही. पैसा, पेढी व नाव मुलांच्या हाती सोपविता येते. उभे राहण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. पुढील वार्षिक सभेपूर्वी कार्यकारी मंडळाने या वर्गाचा ठराव मांडावा, आणि ठराव होईतो प्रत्येक सभासदाने आपल्या घरच्या न्हाणीघरात एक दांडा तरी बसवून घ्यावा, अशी सर्व व्यापारी बंधुभगिनींना माझी नम्र विनंती आहे.