नाटकाला किती मार्क?

ऑगस्ट उजाडला की आपल्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी एक साथ येते. तिचं नाव ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’. फायनल इयरची मंडळी मेसमध्ये आमटी वाढून घेतानासुद्धा एकमेकांशी इंग्रजीत बोलायला लागतात. कुणी आरशासमोर ‘टेल मी अबाऊट युवरसेल्फ’ घोकतो, कुणी घरून पैसे मागवून क्लास लावतो. त्या क्लासमध्ये शिकवतात काय? समोरच्याकडे बघून बोला, हातांची चाळवाचाळव करू नका, दुसऱ्याचं बोलणं संपू द्या आणि मग आपलं सुरू करा. मित्रहो, हे सगळं आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवीत फुकट शिकायला मिळत होतं. शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात! आणि नववीत ‘आता पुरे, पुढचं वर्ष दहावीचं’ म्हणून आपल्याला तिथून उठवलं गेलं.

शाळेत नाटक करून काय मिळतं असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : स्टेज डेअरिंग. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. डेअरिंगवाली पोरं मुळातच तशी असतात. पंधरा ऑगस्टचं भाषण तीच करतात, वर्गाचा मॉनिटरही तीच होतात. नाटक झालं नाही तरी त्यांचं काही अडत नाही. ज्यांचं नाटकामुळे खरं भलं होतं ती मुलं वेगळी असतात. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही ज्यांचा आवाज घशात अडकतो, ती.

मला आठवीत भालदाराचं काम होतं. वाक्य एक, उभं राहणं पंचवीस मिनिटं. नाक खाजलं तरी हात वर न्यायचा नाही, कारण लोक राजाकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतात. पण अशा कामात एक गंमत होते. स्वतःचं काही बोलायचं नसल्यामुळे तुम्ही दुसऱ्यांचं ऐकायला लागता. दहाव्या तालमीपर्यंत सगळ्यांची वाक्यं पाठ होतात. पंधराव्या तालमीला प्रधान कुठे अडखळणार ते त्याच्याआधी तुम्हाला कळतं. याच भांडवलावर नववीत मला प्रॉम्प्टर केलं. विंगेत बसून पुस्तक वाचून दाखवायचं एवढंच ते काम, असा लोकांचा समज असतो. मुद्दाम घेतलेली शांतता कोणती आणि विसरल्यामुळे पडलेली कोणती, हे अर्ध्या सेकंदात ओळखावं लागतं. पहिलीत तोंड घातलं तर प्रसंग मेला, दुसरीत गप्प बसलात तर मित्र मेला. आणि सांगायचा तो फक्त पहिला शब्द, सगळं वाक्य नाही. (आपल्या व्हायवाला असा पहिला शब्द देणारा कुणी असता तर! असो.)

आता हे वय बघा. तेरा-चौदा. मुलांचा आवाज फुटतो, एकाच वाक्यात तो दोनदा घसरतो. मुली अचानक उंच होतात आणि खांदे पाडून चालायला लागतात. स्वतःच्या शरीराची लाज वाटण्याचा हा काळ, आणि नेमक्या याच वेळी कुणीतरी सांगतं की या फुटक्या आवाजातच शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं आहे. फुटका आवाज म्हाताऱ्याच्या किंवा राक्षसाच्या कामाला बरोबर बसतो, हा शोध त्या वयात फार मोलाचा असतो. शिवाय आमच्यासारख्या तालुक्याच्या शाळांत मुलं-मुली एकमेकांशी बोलली की लगेच चिडवाचिडवी. तालमीत मात्र बोलावंच लागतं, कारण पुढचं वाक्य तिचं असतं. पंधरा दिवसांत चिडवणारेही थकतात.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. तालमीत ‘चूक’ म्हणत नाहीत, ‘पुन्हा’ म्हणतात. आमचे सर भूगोल शिकवायचे. वर्गात त्यांनी काढलेली चूक कायमची, वहीत लाल शाईने. तेच सर तालमीला खुर्ची उलटी करून बसायचे आणि एकाच एन्ट्रीला वीस वेळा ‘पुन्हा’ म्हणायचे. सगळ्यांसमोर. विसाव्या वेळेपर्यंत त्यात लाज उरत नाही, फक्त काम उरतं. इथे फर्स्ट इयरला प्रॅक्टिकलमध्ये बॅचसमोर एकदा ‘रीडिंग चुकलंय’ ऐकल्यावर आख्खं सेमिस्टर तोंड न उघडणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांना ‘पुन्हा’ची सवयच नाही. परीक्षेत चुकलं की मार्क गेला, विषय संपला. तीन वर्षं फक्त एमसीक्यू सोडवत आलेल्या माणसाने दुसरं काय शिकावं?

मुलांचं नाटक हा पोरखेळ नाही, हे आपल्याकडे फार आधी ओळखलं गेलं होतं. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’. मोठ्यांच्या नाटकाला जसं नेपथ्य, जशी प्रकाशयोजना, तशीच मुलांच्या नाटकालाही हवी, हा त्यांचा आग्रह होता. दादरच्या छबिलदास शाळेत सुलभा देशपांडे शिक्षिका होत्या. पुढे ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाळा’मधून त्यांनी मुलांना घेऊन ‘दुर्गा झाली गौरी’ उभं केलं. त्याच शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून प्रायोगिक नाटकांची आख्खी चळवळ वाढली. मतकरींनी तर बँकेची नोकरी सांभाळत बालनाट्यं लिहिली, आणि उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ चालवला. तिथे मुलं आपल्याच गल्लीतले, आपल्याच घरातले विषय घेऊन नाटुकली लिहायची आणि बसवायची. २०२० मध्ये मतकरी गेले, पण या कामाबद्दल आपल्या पिढीने जरूर वाचावं.

याउलट आज शाळांमध्ये काय चाललंय? ‘अ‍ॅन्युअल डे’ला बाहेरून कोरिओग्राफर येतो. संवाद आधीच स्टुडिओत रेकॉर्ड केलेले असतात आणि मुलं स्टेजवर नुसते ओठ हलवतात. व्हिडिओ झकास येतो, पालक खूश. पण विसरायची सोयच ठेवली नाही तर सावरायची वेळ कशी येणार? मित्र अडकल्यावर दुसऱ्याने एक वाक्य पदरचं घालून त्याला बाहेर काढणं, हाच तर शाळेच्या नाटकाचा गाभा. तो स्टुडिओतच कापला जातो.

जुनी गॅदरिंगं म्हणजे सगळं सोनं होतं असंही मी म्हणणार नाही. मुख्य काम बहुधा गोऱ्या, ‘शुद्ध’ बोलणाऱ्या आणि बाईंच्या ओळखीतल्या मुलालाच मिळायचं. ‘न’ आणि ‘ण’वरून हसून कितीतरी चांगल्या पोरांना मागच्या रांगेत पाठवलं गेलं आहे. तिकडे झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की रात्र रात्र नाटकं रंगतात, गावंच्या गावं ती बघतात, आणि तिथे बोलीची लाज कुणाला वाटत नाही. आपल्याच विंगमध्ये वडसा-ब्रह्मपुरीकडचे दोघे आहेत. कधी विचारून बघा, मेसचं जेवण थंड होईपर्यंत सांगतात.

नाटकाची बाजू मांडायची म्हटलं की लोक डॉ. लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे ही नावं काढतात. बघा, डॉक्टर होऊनही नाटक केलं! मला हा युक्तिवाद फारसा आवडत नाही. तिथे नाटकाचं समर्थन शेवटी डिग्रीच्याच जोरावर होतं. आणि आमच्या भालदारांपैकी पुढे नट कुणीच झालं नाही. एक दूध डेअरीत आहे, एक एसटीत कंडक्टर. नाटक आमच्यासाठीही होतंच की.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरचं आहे. आमचा जिल्हा सांगली. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ तिथे केलं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, आमच्याकडे नाट्यपंढरी म्हणून भाषणं होतात. माझी धाकटी बहीण तिथेच नववीत आहे. तिला यंदा नाटकात आजोबांचं काम मिळालंय. तालीम पाच ते सात, आणि फाउंडेशन बॅचही पाच ते सात. आप्पांचा फोन आला, “तू इंजिनिअरिंगला आहेस, तुझं ऐकेल ती. समजाव.” मग नेहमीचा प्रश्न, “चित्रकलेच्या परीक्षांचे तरी दहावीला मार्क मिळतात. नाटकाला किती?”

मी आप्पांना म्हटलं, मी तिला समजावणार नाही. ही मुलगी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. फोनवर ‘हं’च्या पुढे जायची नाही. गेल्या महिन्यात मी तिला काहीतरी उपदेश करत होतो, तर तिने मला थांबवलं. “दादा, माझं वाक्य संपू दे.” मी गप्प बसलो. तिचं वाक्य चांगलं लांब होतं. हे आप्पांनाही सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले, पण हो म्हणाले नाहीत. क्लासची फी भरून झाली आहे आणि ती परत मिळत नाही, हीही अडचण खरी आहे. निदान बॅच सकाळची मिळते का, ते आता मी विचारतोय.

तोपर्यंत इथे करण्यासारखं एक काम आहे. कॉलेजच्या मागच्या गेटसमोरच्या शाळेत यंदा नाटक बसवायला कुणी नाही. मुख्याध्यापिका बाईंशी मी बोललो आहे. शनिवारी संध्याकाळचे दोन तास द्यायला त्या तयार आहेत, अट एकच, दहावीच्या मुलांनाही घ्यायचं. त्यांनीच घातली! आपल्याकडे पुरुषोत्तमला बॅकस्टेज केलेले पाच-सहा जण आहेत. वर्कशॉपच्या भंगारातून लेव्हल्स होतील. इलेक्ट्रिकलवाल्यांनी दोन डिमर जोडून दिले तर प्रकाशाचंही भागेल. रेकॉर्डेड संवाद मात्र चालणार नाहीत, हे आधीच सांगतो.

येत्या शनिवारी साडेपाचला बी विंगच्या कॉमन रूममध्ये जमू या. आतापर्यंत नावं दिलेली मुलं एकोणतीस आहेत आणि हातातल्या स्क्रिप्टमध्ये पात्रं नऊच. उरलेल्या वीस जणांना काय काम द्यायचं, ते सगळ्यात आधी ठरवायचंय.