विश्लेषण : साध्या मोटारीला ‘नायट्रस’ झेपतो का? पनवेलच्या उन्हात बाटलीचे काय होते?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पनवेलजवळ कळंबोलीला सुरू होतो, अटल सेतूही इथून जवळच. असे रस्ते दाराशी असल्यावर आपली गाडी आणखी थोडी पळावी, असे वाटणाऱ्यांची पनवेल-खारघरमध्ये वाण नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी एक व्हिडिओ येऊन गेलेला असतो. डिकीत निळी बाटली, स्टिअरिंगजवळ लाल बटण आणि ‘इंजिन न उघडता २५ हॉर्सपॉवर जास्त’ असा दावा. दावा खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग पेट्रोलचा, उन्हाचा आणि कायद्याचा आहे.

नायट्रस नेमका करतो काय?

नायट्रस ऑक्साइड म्हणजे भूल देताना वापरला जाणारा हास्यवायू. तो स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळायला मदत करतो. इंजिनाची ताकद सहसा पेट्रोलपाशी अडत नाही, ते जाळायला लागणाऱ्या प्राणवायूपाशी अडते. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमध्ये सुमारे ३०० अंश सेल्सिअसला त्याचा रेणू फुटतो आणि हा प्राणवायू मोकळा होतो. शिवाय बाटलीतून द्रवरूपात येणारा नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार आणि दाट होते.

युक्ती जुनी आहे. विरळ हवेत उंचावर उडणाऱ्या विमानांची इंजिने दमू नयेत म्हणून दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ती ‘जीएम-१’ या नावाने वापरली होती. घरोघरी ती पोहोचली २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटामुळे. पडद्यावर बटण दाबले की गाडी सुटते. पेट्रोलचे काय झाले, हे तिथे कोणी विचारत नाही.

मग पिस्टन का वितळतो?

पेट्रोल कमी पडते म्हणून. हवेत १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. नायट्रस असेल तर साधारण साडेनऊ ग्रॅम पुरतात. म्हणजे साडेनऊ ग्रॅम नायट्रस आत सोडला की त्याच क्षणी १ ग्रॅम जादा पेट्रोलही आत गेलेच पाहिजे. २५ हॉर्सपॉवर वाढवायला दर सेकंदाला साधारण ११ ग्रॅम नायट्रस लागतो, तेव्हा सेकंदाला १ ग्रॅमहून थोडे अधिक पेट्रोल. ऐकायला किरकोळ वाटते. पण १२०० सीसीचे, ८५ हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला जेमतेम ६ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल पिते आणि कंपनीने इंजेक्टर व पंप त्याच हिशेबाने बसवलेले असतात.

पेट्रोल अपुरे पडले की मिश्रण ‘लीन’ होते, ज्वाला जास्त तापते आणि ती पोहोचण्याची वाट न पाहता उरलेले मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटू लागते. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच. साध्या मोटारीचे पिस्टन ओतीव अॅल्युमिनियमचे असतात. त्यांची कड आधी झिजते, मग तुटते. हे सगळे काही सेकंदांत होते आणि चालकाला कळते ते सायलेन्सरमधून धूर आल्यावर.

म्हणून जाणकार ट्यूनर बाटलीकडे सर्वांत शेवटी वळतात. आधी पेट्रोलचा दाब मोजतात. एक-दोन पायऱ्या ‘थंड’ प्लग घालतात, इग्निशनचे टायमिंग दोन अंश मागे घेतात, ९५ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल वापरतात. आणि मग बटण एकटे काम करणार नाही अशी तजवीज करतात. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, इंजिन ३००० फेऱ्यांच्या वर आणि कमाल मर्यादेच्या खाली असेल, पेट्रोलचा दाब पुरेसा असेल, तरच सोलेनॉइड उघडते. यातली वरची मर्यादा सर्वांत महत्त्वाची. फेऱ्या कमाल मर्यादेला टेकल्या की गाडीचा संगणक पेट्रोल तोडतो. नायट्रस मात्र येतच राहिला तर आग उलटी इनटेकमध्ये फिरते, आणि आजकाल बहुतेक इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचे असतात.

लहान चार सिलिंडर इंजिनाला २० ते २५ हॉर्सपॉवरची मात्रा, एवढी सगळी काळजी घेऊन, झेपू शकते. व्हिडिओत दिसणारे स्वस्त किट यातले निम्मे स्विच देत नाहीत. स्वस्त असण्याचे कारणही तेच.

पनवेलच्या उन्हाचा काय संबंध?

खरी अडचण इथे आहे आणि परदेशी व्हिडिओत ती दिसत नाही. तिकडे बाटली गार पडते म्हणून तिला गरम करण्याचे पट्टे विकले जातात. इकडे उलटे.

नायट्रस बाटलीत द्रवरूपात राहतो तो स्वतःच्याच दाबाखाली. २० अंशांना हा दाब सुमारे ५० बार असतो. ३६.४ अंशांना तो ७२ बारवर जातो आणि त्यापुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. किटचे जेट साधारण ६५ बार गृहीत धरून निवडलेले असतात. दाब वाढला की नायट्रस जास्त येतो, पेट्रोल मात्र तेवढेच राहते, आणि मिश्रण पुन्हा लीन. ३६.४ च्या पुढे तर बाटलीतल्या द्रव्याची घनता इतकी झपाट्याने बदलते की जेटचा हिशेबच कोलमडतो. मार्च-एप्रिलमध्ये पारा ३६ च्या वर गेलेला पनवेलकरांनी पाहिलेला आहे. उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. सकाळी ट्यून केलेली गाडी दुपारी तीच राहत नाही.

दुसरा धोका भरण्याचा. बाटली रिकामी असताना आणि भरल्यावर वजन करून भरायची असते, कारण द्रव फुगायला वर जागा लागते. मोठ्या सिलिंडरमधून अंदाजाने काढून घेतलेली, काठोकाठ भरलेली बाटली उन्हात ठेवली तर दाब बाराबाराने नव्हे, झेपा घेत वाढतो. चांगल्या बाटलीला सुमारे २०० बारला फुटणारी सुरक्षा चकती असते आणि तिची नळी गाडीबाहेर काढलेली असावी लागते. नळी नसेल तर सगळा वायू केबिनमध्ये. बंद काचेच्या गाडीत माणसाला श्वास घ्यायला मग उरते काय?

सीएनजी चालतो, मग हा का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. पनवेलच्या रस्त्यांवर डिकीत सिलिंडर घेऊन धावणाऱ्या गाड्या पावलोपावली दिसतात आणि सीएनजीचा दाब तर २०० बार असतो. फरक सिलिंडरमध्ये नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेत आहे. सीएनजीला मंजूर किट आहे, आरसी बुकावर नोंद आहे, दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी आहे. नायट्रससाठी यातले काहीच नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सिलिंडरचा कायदा वेगळाच. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे मान्यता नसलेला सिलिंडर आयात करता किंवा भरता येत नाही. त्यामुळे परदेशातून मागवलेली चकचकीत बाटली कायदेशीरपणे भरून देणारा सापडणे कठीण आणि ती भरली जाते ती मागच्या दाराने. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे दावा अडकतो, ते निराळेच.

मग ही हौस भागवायची कुठे?

रस्त्यावर नाही, एवढे स्पष्ट आहे. द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची, आणि कॅमेरे लागलेले आहेत. दंड बाजूला ठेवला तरी साधे गणित उरते. १०० ऐवजी १४० ने जाणाऱ्या गाडीला थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागते. नायट्रस इंजिनाला जोर देतो, ब्रेक आणि टायर कंपनीचेच राहतात. पाम बीच रस्त्यावरच्या रात्रीच्या शर्यतींबद्दल नवी मुंबईकरांची तक्रार जुनी आहे, आणि अशा शर्यतीत मरणारा दर वेळी चालकच असतो असे नाही.

पण ‘करू नका’ म्हणून यंत्रणेने हात झटकणे हेही पुरेसे नाही. मुले करतात, फक्त लपून करतात. लपून केले की तपासणारा कोणी नसतो. बंद पट्टीवरच्या अधिकृत ड्रॅग स्पर्धेत गाडी आधी तपासनीसाच्या हाताखालून जाते. बाटली कशी बांधली आहे, नळी कुठे सोडली आहे, अग्निशामक आहे का, हे पाहूनच पुढे सोडतात. लोणावळ्यापलीकडे अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’सारख्या स्पर्धा झालेल्या आहेत, म्हणजे हे महाराष्ट्रात जमत नाही असे नाही. ड्रॅगची शर्यत ४०२ मीटरची असते, थांबायला आणखी दुप्पट जागा धरली तरी सव्वा किलोमीटर पुरते. ज्या पनवेल परिसरात आख्खा विमानतळ उभा राहिला, तिथे सव्वा किलोमीटरची सरळ पट्टी आणि महिन्यातून एक रविवार सिडकोला किंवा महापालिकेला अशक्य नाही. मागणी मात्र गॅरेजवाल्यांनी आणि गाडीवाल्यांनी एकत्र येऊन, नावानिशी करावी लागेल. आज ती कोणी उघडपणे करत नाही, कारण उघडपणे बोलायचे तर आधी डिकी उघडावी लागते.

तोवर ज्यांच्या डिकीत बाटली आहेच, त्यांनी तिची झडप बंद करून ती गाडीतून काढावी, वजन करून छापील वजनाशी ताडावी आणि सावलीत, हवेशीर जागी उभी ठेवावी. मग एकदा प्लग काढून पाहावेत. टोकावर अॅल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके दिसले, तर ते पिस्टनचे आहेत.