छापील गोळी आणि संत्र्याची साल

औषधाची गोळी प्रिंटरवर छापता येते, हे आता नवीन राहिलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्येच ‘स्प्रिटॅम’ या फिट्सवरच्या छापील गोळीला परवानगी दिली. भुकटीचा पातळ थर, त्यावर द्रवाचे थेंब, पुन्हा थर... अशी ती बनते आणि घोटभर पाण्याबरोबर तोंडात चटकन विरघळते.

मला मात्र स्पेनमधला प्रयोग जास्त भावला. सांतियागो दे कॉम्पोस्तेला इथल्या हॉस्पिटलमध्ये एका दुर्मिळ आजाराच्या चार मुलांसाठी आयसोल्युसीन या अमिनो आम्लाच्या चघळायच्या गोळ्या छापल्या गेल्या. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक मुलाचा डोस वेगळा, चवही वेगवेगळी. आणि गोळीचा सांगाडा कशाचा? साखर, माल्टोडेक्स्ट्रिन आणि पेक्टिन. पेक्टिन म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, लिंबूवर्गीय फळांच्या सालीत भरपूर असतो. यंत्र म्हणाल तर चकलीचा सोऱ्याच, फक्त दाब कंप्युटर देतो!

आता मी पडलो वर्ध्याचा. कारंजा (घाडगे), आष्टी, आर्वी हा आमच्या जिल्ह्यातला संत्र्याचा पट्टा, त्यामुळे सालीचं नाव काढलं की कान टवकारणारच. गरजही आमच्याकडेच आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया वजनावर देतात, सुरुवातीला दिवसाला दर किलोमागे साधारण १० ते २० मिलिग्रॅम. म्हणजे १२ किलोच्या पोराला १२० ते २४०. आणि नेहमीची कॅप्सूल असते ५०० ची. मग ती उघडायची, पाण्यात कालवायची आणि त्यातलं अंदाजाने पाजायचं? ते औषध असं की त्याची भुकटी हातालाही लागू देऊ नये.

मग छापा की संत्र्याच्या पेक्टिनमध्ये! एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. हायड्रॉक्सीयुरियाला ना ओल सोसत, ना फार उष्णता, त्यामुळे स्पेनची ओली कृती जशीच्या तशी उचलता येणार नाही. रसायनवाले त्यावर वाट काढतील कदाचित. माझा मुद्दा सालीबद्दल आहे.

‘नैसर्गिक’ म्हटलं की आपण निम्मे प्रश्न विचारायचेच सोडून देतो. पण पेक्टिन म्हणजे काही एकच एक पदार्थ नव्हे. त्यात मिथॉक्सिलचं प्रमाण जास्त असेल तर ते साखर आणि आंबटपणा मिळाल्यावर गोठतं, कमी असेल तर कॅल्शियमने. फळ कच्चं की पिकलेलं, आंबिया बहाराचं की मृगाचं, साल कशी वाळवली, सगळ्याने फरक पडतो. धावड्याच्या डिंकाचंही तेच. एक खडा पांढरट, दुसरा तपकिरी. पाण्यात घातल्यावर दोघांचा चिकटपणा सारखा असेलच असं नाही. लाडवात हे चालून जातं. सोऱ्यात मात्र घट्ट लगदा कमी बाहेर येतो, पातळ जास्त येतो, आणि जेवढा बाहेर आला तोच पोराचा डोस. प्रोग्रॅम तोच, इनपुट रोज वेगळं... आमच्या धंद्यातल्या लोकांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून कोणी प्रिंटर आणून फीत कापायचं म्हणालं तर मी आधी प्रयोगशाळेबद्दल विचारीन. वर्ध्यात मगनवाडीला १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम चाललं, कुमारप्पांनी ते उभं केलं. आज तिथेच एमगिरी ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिचा जैवप्रक्रियेचा विभागही आहे. सालीपासून पेक्टिन काढण्याचं छोटं युनिट आणि त्याच्या प्रत्येक लॉटचे आकडे, हे काम अशाच ठिकाणी शोभेल. मिथॉक्सिल किती, ओलावा किती, चिकटपणा, जंतू, शिसं. आणि हो, कीटकनाशकांचे अंशसुद्धा, कारण बागेत मारलेला फवारा आधी सालीवरच बसतो. आपण साल सोलून फेकतो म्हणून ते कधी डोक्यात येत नाही, एवढंच.

यात चमकदार काही नाही, फोटोही चांगले येणार नाहीत. पण असा दाखला असलेलं पेक्टिन प्रिंटर आला नाही तरी जॅमवाला घेईल, औषधवाला घेईल. सालीला चार पैसे येतील ते वेगळेच.