बजेट युरोप, व्हाया मार्केट यार्ड

आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या ऑफिसच्या डेस्कटॉपवर युरोपातलं एखादं चिमुकलं गाव असतं. नदी, दगडी पूल, चर्चचा मनोरा. उरलेल्या निम्म्यांनी एक्सेलमध्ये त्याच ट्रिपचं बजेट करून ठेवलेलं असतं. पण बॉस, तिकिटाच्या आधीच खर्च सुरू होतो. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून 90 युरो झालीय. वर 30 हजार युरोंचा मेडिकल इन्शुरन्स हवा, आणि सॅलरी स्लिप. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला सॅलरी स्लिप मागणं म्हणजे शाकाहाऱ्याला सुरमईचा भाव विचारणं!

मग म्हटलं, बॅकपॅकर तिथं नेमकं करतो काय? सकाळी बाजारात जातो, ब्रेड-चीज-फळं घेतो, लोकल बस पकडतो, छोट्या गावात पायी भटकतो, नदीकाठी बसून खातो आणि संध्याकाळच्या ट्रेननं परततो. या यादीत युरोपशिवाय होणार नाही असं एकही काम नाही. मार्चमधला एक दिवस, पाठीवर एक सॅक, खिशात पाचशे रुपये. स्टार्टिंग पॉइंट : गुलटेकडी, मार्केट यार्ड.

सकाळी सहा

आपण जेव्हा अलार्म स्नूझ करतो, तेव्हा इथली निम्मी उलाढाल झालेली असते. हमालांच्या हाका, आडत्यांचे गाळे, फुलबाजारातला झेंडूचा ढीग, गुळाचा वास. पूर्वी मंडईत चालणारा घाऊक बाजार पुढे इथं आला. ती मंडई 1886 सालची, आधी रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. फळांच्या विभागात पुरंदरची अंजिरं आली होती, पाटीत खाली पानं घालून नीट रचलेली. 2016 मध्ये या अंजिराला जीआय मानांकन मिळालं. घाऊक बाजारात पाव किलो मागितलं की गाळेवाला आधी हसतो, मग देतो.

खाण्याचा दुसरा जुगाड म्हणजे 'कष्टाची भाकर'. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं 1974 मध्ये हा उपक्रम सुरू केला, कष्टकऱ्यांना परवडेल असं पोटभर जेवण मिळावं म्हणून. शहरात तिची केंद्रं आहेत. झुणका-भाकरी बांधून घेतली. सँडविचपेक्षा प्रवासात जास्त टिकते.

दिवे घाट ते सासवड

मार्केट यार्डातून स्वारगेट चालत गाठता येतं. तिथून सासवडची एसटी. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींनो, हा प्लॅन तुमच्यासाठी आणखी स्वस्त. हडपसर मागे पडलं की दिवे घाट लागतो. खिडकी डावी-उजवी असा वाद घालू नका, वळणं इतकी आहेत की दोन्ही बाजूंना मस्तानी तलावाचं दर्शन होतं. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी हाच घाट चढून सासवडला मुक्कामी येते.

सासवडला 'ओल्ड टाउन' आहे, फक्त तसा बोर्ड नाही. पुरंदरे वाड्याची भक्कम भिंत, सोपानदेवांची समाधी, आणि कऱ्हा-चांबळीच्या संगमावर काळ्या दगडाचं संगमेश्वर मंदिर. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये सासवडलाच वारले. आचार्य अत्रे शेजारच्या कोडीतचे. सगळं पायी बघून होतं, एंट्री फी शून्य. संगमाच्या पायऱ्यांवर बसून भाकरी सोडली.

बाजारातल्या मावशी

स्टँडजवळ एक मावशी अंजिरं विकत बसल्या होत्या. पहाटेच माल मार्केट यार्डाला पाठवून उरलेलं इथं आणलेलं. म्हणजे माझ्या सॅकमधली अंजिरं आणि मी, उलट्या दिशेनं एकाच रस्त्यावरून आलो होतो! गाव विचारलं तर निघालं नियोजित पुरंदर विमानतळाच्या सात गावांपैकी एक.

ही सात गावं म्हणजे वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव. मे 2025 मध्ये ड्रोन सर्व्हेवरून इथं शेतकरी आणि पोलिसांत संघर्ष झाला. नंतर अनेकांनी संमतीपत्रं दिली. मी मावशींना विचारलं, तुमचं काय? त्या म्हणाल्या, "पैसे मिळतील म्हणतात. पण बाग लावून आठ वर्षं झाली बाई, आता कुठं माल चांगला लागतोय."

आता गंमत बघा. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, म्हणून युरोपला निघालेला पुणेकर मध्यरात्री एक्स्प्रेस वेवर टॅक्सीत पेंगत मुंबई गाठतो. तो वैतागून म्हणतो, पुण्याला मोठा एअरपोर्ट कधी होणार? मीही म्हटलंय, दहादा. ज्या विमानात बसून आपण कुठल्याशा गावातल्या अंजिराच्या बागा बघायला जाणार, त्याची धावपट्टी इथल्या बागांवरून जाणार आहे. यातलीच खानवडी ही महात्मा फुल्यांच्या पूर्वजांची. ते कुटुंब इथून पुण्याला आलं आणि फुलांच्या धंद्यात उतरलं. विमानतळ नकोच, असं मी म्हणणार नाही. पण त्याची किंमत फक्त तिकिटावर छापलेली नसते, हे मावशींकडून पाव किलो घेताना कळलं.

जेजुरी आणि परतीची ट्रेन

सासवडहून जेजुरी अर्ध्या-पाऊण तासावर. युरोपात टेकडीवरचा कॅसल असतो, इथं खंडोबाचा गड. दीपमाळांच्या कमानी, उधळलेला भंडारा, पिवळी धम्मक पायरी न् पायरी. नव्या नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायची प्रथा अजून जोरात आहे. जिममध्ये न गेलेले नवरे पाचव्या पायरीला पावती फाडतात! पांढरा टी-शर्ट घालू नका. किंवा घालाच, तेच सुव्हेनिअर.

जेजुरी पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे. संध्याकाळच्या पॅसेंजरची वेळ आधी बघून ठेवा. येताना शिंदवणेचा घाट लागतो. आणि एक टिप : 'सासवड रोड' नावाचं स्टेशन हे सासवडचं नाही, ते हडपसरच्या बाजूला आहे. तिथं उतरून पुरंदरे वाडा शोधत बसाल.

हिशेब : दोन एसट्या, एक पॅसेंजर, झुणका-भाकरी, तीन चहा, भंडाऱ्याची पुडी, दोनदा अंजिरं. पाचशेतले शंभरच्या वर उरले. ते युरोपच्या एक्सेल शीटमध्ये जमा केलेत. अंजिरांचा बहार मेपर्यंत असतो, सीताफळं पावसाळ्यानंतर. तुमचा दिवस ठरवा, आणि मावशींशी भाव करू नका.