पनवेलकरांनो, पावसाच्या आत ही नावं उतरवून घेऊ या

मृग लागायच्या आत एक काम उरकायला हवं, आणि ते एकट्यादुकट्याचं नाही. पनवेलच्या ज्यू कब्रस्तानातल्या शिळांवरची नावं वाचता येतात तोवर ती वाचून, लिहून, फोटो काढून ठेवायची आहेत. त्याहून मोठी घाई आहे ती माणसांची. ही नावं धारण करणाऱ्यांना ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, ते आता ऐंशीच्या पुढे गेलेत.

‘इस्रायल तलाव’ असं आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो. हे नाव आलं ते इथल्याच बेने इस्रायली ज्यू शेजाऱ्यांवरून. त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं, आपल्या जुन्या नगरपालिकेच्याही आधीचं. तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणानं त्यांना शनवार तेली म्हटलं. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, झिराडकर ही आडनावं म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा नकाशा. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. घरची भाषा मराठी, आणि म्हणून हिब्रूच्या खाली शिळेवर देवनागरीही आली. १९४८च्या सुमारास देशात वीसेक हजार बेने इस्रायली होते. आज चार-पाच हजार उरले असतील. बाकीचे दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोदला गेले.

आमच्या शेजारच्या काकींचं घर असंच अश्दोदला गेलेलं. दोन वर्षांपूर्वी थंडीत त्या आल्या, त्यांना आजीची कबर बघायची होती. मी सोबत गेले. शिळा सापडली, पण अक्षरं काही लागेनात. काकी बोट फिरवत राहिल्या. आडनावाचा शेवटचा ‘कर’ तेवढा बोटाला लागला. बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं, पर्समधला छोटा आरसा काढून उन्हाची तिरीप बाजूनं शिळेवर टाकली, आणि नाव वर आलं. अख्खं. काकी मोठ्यानं वाचत होत्या आणि मी वहीत लिहीत होते. मग शेजारच्या शिळेकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “ही आमची मोठी मावशी. आळीतली निम्मी पोरं हिच्या हातावर जन्मली. तुझ्या सासूबाईसुद्धा.” हे त्या शिळेवर कुठेही कोरलेलं नाही. काकी आल्या नसत्या तर ते मला कधीच कळलं नसतं, आणि माझ्या घरातलीच गोष्ट होती ती.

काही आठवणींना दाते मिळतात. मुंबईत काळा घोड्याजवळचं निळं सिनेगॉग जेकब ससून यांनी १८८४ साली वडील एलियाहू यांच्या स्मरणार्थ बांधलं. त्याच्या रंगीत काचांची तावदानं २०१९पर्यंत झालेल्या दुरुस्तीत पुन्हा उजळली. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावे उभारलेल्या राजाबाई टॉवरच्या काचाही अशाच निगुतीनं दुरुस्त झाल्या. फार चांगलं झालं. पण ज्याला काचेचं तावदान परवडलं नाही त्यानं गेलेल्या माणसासाठी काय केलं? एक शिळा उभी केली, किंवा सिनेगॉगात तेलाचा दिवा टांगला. आठवणीची किंमत तीच. पण अशा आठवणीला दाता मिळत नाही, म्हणून आपले हात लागणार आहेत.

काम अवघड नाही, पण बेतानं करायचं आहे. आधी सिनेगॉगच्या विश्वस्तांची परवानगी, तिच्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल नको. शनिवारी जायचं नाही, शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो. डोकं झाकलेलं हवं. शिळेवर साधं पाणी आणि मऊ कुंचला, बस. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण, खडू, रांगोळी यांतलं काही लावू नका, हात जोडून सांगते. हौसेनं घासलेली संगमरवरी पाटी एका सकाळीत कित्येक पावसाळ्यांइतकी झिजते. शिळेच्या माथ्यावर पुष्कळदा दोन हिब्रू अक्षरं असतात, पे आणि नून, ‘इथे विसावले’ अशा अर्थाची. हिब्रू साल दिसलं तर त्यातून ३७६० वजा करा, इसवी सन मिळेल. एखाद्या वर्षाचा फरक पडेल, कारण त्यांचं वर्ष आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास बदलतं. न लागलेलं अक्षर अंदाजानं भरू नका, जागा रिकामी सोडा. फोटो काढाल ते व्हॉट्सॲपवर फिरवू नका. त्या कुणाच्या तरी आईवडिलांच्या कबरी आहेत. सगळं विश्वस्तांच्या हाती द्यायचं.

आणि जुन्या पनवेलमधल्या घरांना वेगळी विनंती. वाडे पाडून इमारती उठताहेत. माळा रिकामा करताना ट्रंक भंगारात देण्याआधी एकदा उघडा. शाळेच्या वर्गाचा फोटो, मलिद्याच्या विधीच्या नाहीतर लग्नाच्या आमंत्रणाची पत्रिका, इस्रायलहून आलेलं निळं आंतरदेशीयसारखं पत्र, भाड्याची पावती, काहीही चालेल. २६ जुलै २००५ला गाढी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्या घरातला असा एक गठ्ठा चिखल होऊन गेला. त्यात काकींच्या आईनं सासूबाईंना लिहिलेली पत्रं होती. उरलेलं तरी वाचवू या.

ज्यांचे बेने इस्रायली मित्र, वर्गमैत्रिणी, जुने शेजारी परदेशात आहेत, त्यांनी आज रात्रीच फोन लावा. मराठीतच बोला. कुणाची कबर कुठे, कोण काय करायचं, कुणाच्या हातच्या करंज्या लक्षात आहेत, सगळं विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या. त्यांना सांगून, अर्थात.

परवानगी मिळाली की रविवारी सकाळी निघू. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, कुंचला आणि हातात मावेल एवढा आरसा घ्या. सातच्या आत पोचा. ऊन डोक्यावर आलं की अक्षरं बुजतात.