पाकिटाआधी तपासणी

पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात आणि कोल्हापुरातली कॉलेजची मुलगी मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषध दुकान गाठते. इनोसिटॉलची पुडी, ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी, केसांसाठी बायोटिन. महिन्याचा खर्च वाढतो, निदान मात्र झालेलंच नसतं.

ही लक्षणं पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या विकाराची, असू शकतात. हा विकार दुर्मीळ नाही. मुंबईतल्या एका पाहणीत निदानाच्या रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के तरुण मुलींमध्ये तो आढळला होता. पण २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका इनोसिटॉलचा पुरावा मर्यादितच मानते. आहार आणि व्यायामावर तिचा भर आहे.

पूरक गोळ्या निरुपयोगी आहेत असं नव्हे. पीसीओएसमध्ये दिलं जाणारं मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतलं की बी-१२ घटू शकतं. शाकाहारी मुलीला ही कमतरता आणखी लवकर गाठते. ड जीवनसत्त्व खरोखर कमी असेल तर ते द्यायलाच हवं. बायोटिनची गोष्ट वेगळी. त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकतात, आणि पीसीओएसचं निदान करताना थायरॉइड तर तपासावाच लागतो.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हे सगळं पाहता कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात पाळीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलीचं हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड एकाच फेरीत तपासलं जावं.